एका सेकंदासाठी पाच वर्षे

रमजानच्या महिन्यात घराघरांतल्या घड्याळाला वेगळाच मान मिळतो. सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक दुकानाच्या काचेवर, फ्रिजच्या दारावर, रिक्षात मीटरच्या शेजारी चिकटवलेले दिसते. संध्याकाळी दस्तरख्वानावर खजूर मांडलेले असतात, सरबताचे ग्लास भरलेले असतात. पण वेळेला एक मिनिट बाकी असेल तर कुणाचा हात पुढे जात नाही. आज इफ्तार किती वाजता, हे शेजारच्या हिंदू घरातल्या पोरांनाही तोंडपाठ असते. एरवी ज्या मिनिटाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, ते मिनिट या दिवसांत मोजून घेतले जाते.

मिनिट तर दूरच, ज्याला एका सेकंदासाठी पाच वर्षे लागली अशा एका धावपटूची ही गोष्ट आहे.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातले झिनाल हे छोटेसे गाव. सिएर ते झिनाल या ३१ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीचा शेवटचा टप्पा सुरू होता. केनियाचा फिलेमोन किरियागो पुढे होता. त्याच्या मागे होता स्पेनच्या कॅटलोनिया भागातला किलियन जोर्नेट, वय ३६. अखेरच्या उतारावर जोर्नेटने किरियागोला गाठले, मागे टाकले आणि अवघ्या काही सेकंदांच्या फरकाने अंतिम रेषा ओलांडली. वेळ नोंदली गेली २ तास २५ मिनिटे ३४ सेकंद.

या शर्यतीचा तोपर्यंतचा विक्रम होता २ तास २५ मिनिटे ३५ सेकंदांचा. तो नोंदवला होता २०१९ मध्ये, खुद्द जोर्नेटनेच. म्हणजे पाच वर्षांनी, वयाची पस्तिशी ओलांडल्यावर, तो स्वतःच्याच पुढे गेला. आणि गेला तो फक्त एका सेकंदाने. सगळी शर्यत सेकंदांत मांडली तर ८७३४ सेकंद होतात. त्यातला हा एक.

एक सेकंद म्हणजे बुटाची नाडी नीट बसली आहे का हे वाकून पाहण्याइतकाही वेळ नाही. मग त्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. धावणाऱ्यांच्या भाषेत या वेळेला ‘पर्सनल बेस्ट’ किंवा नुसतेच ‘पीबी’ म्हणतात. आपली आजवरची सर्वांत चांगली वेळ. ती जगात कितवी आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. पहिला येणाराही तिच्यामागे धावतो आणि सहाशेवा येणाराही. डोंगरातल्या शर्यतीत तर तिचा अर्थ आणखी खोल जातो.

पाच शिखरांच्या साक्षीने

सिएर-झिनाल ही शर्यत १९७४ मध्ये सुरू झाली. ती सुरू करणारे जाँ-क्लोद पों हे विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक. या मार्गावरून चार हजार मीटरपेक्षा उंच अशी पाच शिखरे दिसतात: वाइसहॉर्न, झिनालरोटहॉर्न, ओबरगाबेलहॉर्न, मॅटरहॉर्न आणि दां ब्लांश. म्हणून तिला ‘पाच चार-हजारींची शर्यत’ असेही म्हणतात.

सुरुवात होते सिएर गावाजवळ, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतबाहेर. तिथून पायवाट थेट जंगलात शिरते आणि लगेच चढू लागते. पहिल्या काही किलोमीटरांतच चढणीचा मोठा हिस्सा अंगावर येतो. मग सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचे शांदोलँ गाव, त्यानंतर डोंगराच्या खांद्यावर एकटेच उभे असलेले जुने हॉटेल वाइसहॉर्न, आणि पुढे २४०० मीटरच्या वरचा सर्वांत उंच टप्पा. तिथून झाडाझुडपांतून, दगडगोट्यांतून झिनालकडे उतार. एकूण चढण सुमारे २२०० मीटर आणि उतार सुमारे ११०० मीटर.

आपल्याकडच्या मापात सांगायचे तर महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. या शर्यतीची अंतिम रेषा, म्हणजे सगळे उतरून झाल्यावर जिथे थांबायचे ते झिनाल गावच, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा किंचित उंचावर आहे. बारी गावातून कळसूबाई चढताना दमछाक झालेल्या माणसाने कल्पना करावी, की तो चढ लागोपाठ दोनदा केला तरी या शर्यतीतली चढण थोडी उरतेच.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक साधा ठोकताळा मांडला होता. दर तीन मैलांना एक तास, आणि त्यावर दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास. डोंगरभटके आजही तो वापरतात. त्या हिशेबाने सिएर ते झिनाल हे अंतर चालायला साधारण दहा तास लागतात. जोर्नेटने ते अडीच तासांच्या आत कापले. चढउतार धरून सरासरी काढली, तर दर किलोमीटरला चार मिनिटे बेचाळीस सेकंद. सपाट डांबरी रस्त्यावर या वेगाने पाच किलोमीटर धावता आले, तरी शहरातल्या हौशी धावपटूला समाधान वाटते.

या शर्यतीची आणखी एक खासियत आहे. इथे हौशी मंडळींचा वेगळा गट असतो. तो पहाटेच निघतो. वेगवान धावपटू नंतर सुटतात आणि त्याच पायवाटेवर पुढे गेलेल्यांना गाठत जातात. कुणी साठीचे असते, कुणी आयुष्यात पहिल्यांदा आलेले. जगज्जेता आणि गावातला शिक्षक एकाच चढावर, एकाच दिवशी घाम गाळतात. प्रत्येकाच्या मनगटावर मात्र स्वतःचे घड्याळ असते.

डोंगरात घड्याळ खोटे का वाटते

रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये हिशेब तुलनेने सोपा. अंतर ठरलेले, रस्ता सपाट. आज मुंबईत धावलेली वेळ उद्या दुसऱ्या शहरात धावलेल्या वेळेशी ताडून पाहता येते. डोंगरात तसे होत नाही. एका डोंगरावरचे ३० किलोमीटर आणि दुसऱ्या डोंगरावरचे ३० किलोमीटर ही दोन वेगळी दुनिया असतात. म्हणून डोंगरी धावपटूची पीबी एका विशिष्ट वाटेशी बांधलेली असते. तीच वाट, तोच चढ, तोच उतार. त्या वाटेवर पुन्हा यायचे आणि मागच्या वेळच्या स्वतःला शोधायचे.

तरीही वाट तीच राहते का? रात्री पाऊस झाला की मुळे निसरडी होतात. ऊन वाढले की शरीर तापते. समोरून वारा आला की खांद्यावरचा टप्पा लांबतो. यातले काहीच धावपटूच्या हातात नसते. त्याच्या हातात असते ती फक्त तयारी आणि त्या दिवसाची शिस्त.

शिस्तीची पहिली परीक्षा सुरुवातीलाच होते. पाय ताजे असतात, आजूबाजूचे सुसाट निघालेले असतात, आणि समोर उभा चढ असतो. इथे जो वाहवत गेला त्याला तासाभराने किंमत मोजावी लागते. चढावर श्वास पुरत नाही तेव्हा शरीर साठवलेली साखर भराभर जाळते. ती संपली की पाय जड होतात आणि मग कितीही इच्छा असली तरी वेग येत नाही. म्हणून जाणते धावपटू फार उभ्या चढावर धावतच नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून, पाठ थोडी वाकवून, मोठमोठी पावले टाकत चालतात. पाहणाऱ्याला वाटते, हा दमला. प्रत्यक्षात तो पुढच्या वीस किलोमीटरांसाठी बचत करत असतो.

दुसरी परीक्षा उतारावर. उतार सोपा वाटतो, पण स्नायूंची खरी झीज तिथेच होते. उतरताना मांडीचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात आणि ब्रेकसारखे कामही करतात. त्यामुळे त्यांचे धागे दुखावतात. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी बोंब होते, ती याचमुळे. जो घाबरून प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो तो जास्त थकतो. जो नजर चार-पाच पावले पुढे ठेवून, छोटी आणि झटपट पावले टाकत उतरतो, तो वाचतो. हे वाचून येत नाही. त्यासाठी शेकडो वेळा उतरावे लागते, काही वेळा पडावे लागते.

दोन ऑगस्टांच्या मधली वर्षे

किलियन जोर्नेटचा जन्म १९८७ चा. वडील डोंगरातले मार्गदर्शक आणि पिरेनीज पर्वतातल्या एका निवाऱ्याचे रखवालदार. आई शिक्षिका. त्या निवाऱ्यातच तो वाढला. लहानपणी आई त्याला आणि बहिणीला रात्री दिव्याशिवाय जंगलात नेई आणि अंधारात कानांनी वाट शोधायला लावी, असे तो सांगतो. पायाखालची जमीन ओळखण्याचे शिक्षण त्याला तिथे मिळाले.

सिएर-झिनालचा पुरुषांचा जुना विक्रम न्यूझीलंडच्या जोनाथन वायटचा, २ तास २९ मिनिटे १२ सेकंदांचा. तो २००३ चा. डोंगरी धावेचे जगज्जेतेपद अनेकदा मिळवलेल्या वायटची ही वेळ १६ वर्षे अबाधित होती. या काळात जोर्नेटने ही शर्यत कित्येकदा जिंकली, पण वायटची वेळ त्यालाही मोडता आली नव्हती. २०१८ च्या मार्चमध्ये तर एका स्की शर्यतीत पडून त्याच्या पायाचे हाड मोडले. मग २०१९ आले आणि त्याने तो विक्रम साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकला. त्याच दिवशी स्वित्झर्लंडच्या मॉड मॅथिसने महिलांमध्ये २ तास ४९ मिनिटे २० सेकंदांची वेळ नोंदवून ११ वर्षांचा जुना विक्रम मोडला.

तेव्हा जोर्नेट ३१ वर्षांचा होता. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो, असे कुणालाही वाटले असते. पुढची वर्षे पाहिली तर तसेच दिसते. २०२१ मध्ये तो ही शर्यत पुन्हा जिंकला, पण स्वतःच्या वेळेच्या जवळ पोहोचला नाही. २०२२ मध्ये त्याने मों ब्लां पर्वताला वळसा घालणारी १७० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत वीस तासांच्या आत संपवली. २०२३ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एकटा चढत असताना हिमस्खलनात सापडला आणि शिखर न गाठता परतला. त्या उन्हाळ्यात दुखापतीमुळे त्याला मोठ्या शर्यतींपासून दूर राहावे लागले. दरम्यान घरी लहान मुले आली होती. डोंगरी धावेच्या जगात केनियाचे तरुण खेळाडू नवा वेग घेऊन आले होते.

अशा स्थितीत ३६ वर्षांचा माणूस पुन्हा त्याच वाटेवर उभा राहतो, तेव्हा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी कोण असतो? पाच वर्षांपूर्वीचा तो स्वतः. तो तरुण आहे, तो दमत नाही, त्याला आज कुठलीही दुखापत नाही, आणि त्याची वेळ कागदावर कायमची लिहिलेली आहे.

तरी हा एक सेकंद त्याने एकट्याने मिळवला असे म्हणता येणार नाही. किरियागो पुढे नसता तर शेवटच्या उतारावर जीव तोडून धावण्याचे कारणच उरले नसते. विजेत्याच्या नावावर जी वेळ लागली तिच्यात हरलेल्याचाही वाटा आहे. माणूस स्वतःशी स्पर्धा करतो हे खरे, पण बहुतेक वेळा त्याला स्वतःच्या पुढे ओढून नेणारा कुणीतरी दुसराच असतो.

त्या विजयानंतर जोर्नेट आराम करत बसला नाही. त्याच महिन्यात त्याने आल्प्समधली चार हजार मीटरवरची ८२ शिखरे १९ दिवसांत पायी आणि सायकलने जोडून काढली. शर्यतीच्या वाटेवरून जी पाच शिखरे लांबून दिसतात, तीही त्यात होती.

कुणी पाहत नसताना

डोंगरातली पायवाट लांब असते. प्रत्येक वळणावर पंच उभे करता येत नाहीत. एखादे नागमोडी वळण टाळून सरळ झाडीतून उतरले तर चार-पाच सेकंद सहज वाचतात. शरीरात काय घातले आहे हे तर कुणालाच दिसत नाही. त्यामुळे या खेळात प्रामाणिकपणाला मोठी किंमत आहे, आणि तो नेहमी पाळला जातोच असे नाही.

सिएर-झिनालनेही हे अनुभवले आहे. २०२२ च्या शर्यतीत पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत पहिले आलेले धावपटू पुढे उत्तेजक चाचणीत दोषी ठरले आणि त्यांचे निकाल रद्द झाले. ज्यांना टाळ्यांच्या गजरात पहिले यायला हवे होते, त्यांना विजय कळला तो कागदोपत्री. अंतिम रेषेवरचा तो क्षण त्यांना कुणी परत देऊ शकले नाही.

पीबीच्या बाबतीत ही चोरी आणखी विचित्र ठरते. दुसऱ्याला फसवून बक्षीस मिळवता येते, प्रसिद्धी मिळवता येते. स्वतःची सर्वोत्तम वेळ मात्र चोरून मिळवता येत नाही, कारण ती कुणाची आहे हे ज्याला ठाऊक असते तोच तिचा मालक असतो. बंद खोलीत घोटभर पाणी पिऊन रोजा ठेवल्याचे जगाला सांगता येते. पण त्या पाण्याची खबर पिणाऱ्याला असतेच. एकादशीच्या उपवासाचेही तेच. नियत साफ असल्याशिवाय दोन्हीचा हिशेब लागत नाही.

परत फिरण्याची हिंमत

वेळेच्या मागे लागण्याची एक काळी बाजूही आहे. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगराळ भागात १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावत होते. उंचावरच्या टप्प्यात अचानक हवा फिरली. गारपीट, गोठवणारा पाऊस आणि तुफान वारा. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. २१ धावपटू गारठून मेले. त्यांत चीनमधले नावाजलेले धावपटूही होते.

त्याच दिवशी त्या डोंगरात एक मेंढपाळ आपल्या शेळ्या-मेंढ्यांसह गुहेत आसऱ्याला थांबला होता. कुडकुडणारे धावपटू त्याला दिसले. त्याने त्यांना गुहेत आणले, शेकोटी पेटवली, पांघरायला दिले. सहा जणांचे प्राण वाचले. त्या दिवशी कुणाचीही वेळ लक्षात ठेवण्यासारखी नव्हती. लक्षात राहिली ती त्या गुहेतली शेकोटी.

या घटनेनंतर जगभर डोंगरी शर्यतींच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. अनेक लांब पल्ल्याच्या शर्यतींत पावसाळी जाकीट, शिट्टी, ऊबदार पांघरूण, पाणी सोबत ठेवणे बंधनकारक असते. वाटेत कुणी जखमी दिसला तर थांबून मदत करणे हाही अनेक शर्यतींचा नियम आहे. थांबणाऱ्याची त्या दिवसाची वेळ गेली, तर ती आनंदाने जाऊ द्यायची असते. हवा बिघडली, पाय मुरगळला, डोके गरगरू लागले, की मागे फिरण्यात कमीपणा नाही. वाट पुढच्या वर्षीही तिथेच असते. आपण असायला हवे.

भूक, तहान आणि धावणे

डोंगरी धावेत खाणे-पिणे हा शर्यतीचाच भाग असतो. वाटेवर ठरावीक अंतरावर पाणी, फळे, गोड पदार्थ ठेवलेले असतात. दोन-तीन तासांच्या धावेत शरीराला साखर आणि मीठ दोन्ही लागते. न खाता धावल्याने कुणी बळकट होत नाही. विद्यार्थी असताना जोर्नेटने एक वेडा प्रयोग केला होता. काहीही न खाता, नुसत्या पाण्यावर किती दिवस सराव करता येतो ते पाहायचे. पाचव्या दिवशी धावताना तो बेशुद्ध पडला. त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात हे लिहिले आहे. अनुकरण करण्याजोगे त्यात काही नाही.

रोजाची गोष्ट वेगळी आहे. रोजा ही ताकद अजमावण्याची स्पर्धा नव्हे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. २०१२ चे लंडन ऑलिम्पिक नेमके रमजानमध्ये आले होते. ब्रिटनचा मो फराह त्या वेळी ५००० आणि १०००० मीटर अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक जिंकला. त्याने स्पर्धेच्या काळातले रोजे नंतर पूर्ण करायचे ठरवले होते. काही मुस्लिम खेळाडूंनी रोजा ठेवूनच भाग घेतला. दोघांच्याही निर्णयाचा आदर झाला.

आपल्या गावात सकाळी मैदानावर धावायला येणाऱ्यांत रोजेदारही असतात. या महिन्यात ते आपली वेळ बदलतात. कुणी इफ्तारच्या अर्धा-पाऊण तास आधी हलकी धाव घेतो, म्हणजे थांबल्यावर लगेच पाणी पिता येते. कुणी तरावीहनंतर रात्री गार हवेत चार किलोमीटर करतो. दुपारच्या उन्हात चढाचा सराव कुणीच करू नये. इफ्तार ते सहेरी या वेळेत एकदम नव्हे तर थोडे थोडे करून पुरेसे पाणी प्यावे. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. आणि मुख्य म्हणजे, या महिन्यात पीबीचा हट्ट धरू नये. कमावलेली ताकद टिकवली तरी पुष्कळ. शरीरालाही कधीकधी एक महिना नुसते टिकून राहायला शिकवावे लागते. त्यालाच सब्र म्हणतात.

आपला घाट, आपली वेळ

स्वित्झर्लंड लांब आहे, पण डोंगरावर धावण्याचे वेड आता महाराष्ट्रातही मुरले आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने वर कासच्या रस्त्याला जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. २१ किलोमीटरांचा हा मार्ग डांबरी असला तरी त्याचा चढ भल्याभल्यांची परीक्षा घेतो. पुण्याजवळ सिंहगड, राजगड, तोरणा या गडांना जोडणारी शर्यत तर खऱ्या पायवाटांची. तिथे दगड आहेत, घसारा आहे आणि सह्याद्रीचे ऊनही आहे.

या शर्यतींना येणाऱ्या बहुतेकांना पहिला क्रमांक मिळणार नसतो आणि ते त्यांना पक्के ठाऊक असते. बँकेत काम करणारी बाई, गॅरेज चालवणारा तरुण, निवृत्त झालेले मास्तर. गेल्या वर्षी दोन तास पन्नास मिनिटे लागली, या वर्षी पावणेतीन तासांत येता आले तर बरे, एवढाच त्यांचा हिशेब. त्या पाच मिनिटांसाठी ते वर्षभर पहाटे उठतात. पावसात, थंडीत, घरचे झोपलेले असताना. कुणी त्यांचा फोटो काढत नाही. पाच मिनिटांऐवजी कधी पाऊण मिनिटच कमी होते. कधी उलटे होते, वेळ वाढते. मग ते पुढच्या वर्षीसाठी पुन्हा नाव नोंदवतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर वेळ दरवर्षी कमी होणार नाही, हेही त्यांना कळून चुकते. तेव्हा हिशेब बदलतो. मागच्या वर्षीइतक्याच वेळेत आलो, म्हणजे वयाचे एक वर्ष जिंकले. दोन मिनिटे जास्त लागली, पण वाटेत पडलेल्या एकाला उठवून पाणी पाजले, तर ती दोन मिनिटे वाया गेली असे कुणी समजत नाही. घड्याळ तेच, पण त्याच्याकडे पाहायची नजर बदललेली असते.

जोर्नेटच्या त्या एका सेकंदाकडेही असे पाहिले तर त्याचा अर्थ उलगडतो. पाच वर्षांत त्याचे शरीर पाच वर्षांनी म्हातारे झाले होते. वाट तीच राहिली होती. स्पर्धा अधिक कठीण झाली होती. एवढे सगळे होऊन त्याची वेळ एका सेकंदाने कमी झाली. तो एक सेकंद दिसायला एवढासा आहे, पण त्यामागे पाच वर्षांच्या पहाटा उभ्या आहेत.

आज संध्याकाळी वेळापत्रकातले ते मिनिट येईल. अजान होईल, खजूर तोंडात जाईल, पहिला घोट घशाखाली उतरेल. त्या एका मिनिटामागे पहाटेपासूनचा अख्खा दिवस उभा असतो. तो दिवस कसा काढला, हे ज्याचे त्याला माहीत. डोंगरावर अंतिम रेषा ओलांडून, धापा टाकत, मनगटावरच्या घड्याळात पाहणाऱ्या माणसालाही ते माहीत असते.